शौचाला होताना दुखतं, रक्त पडतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही जा, संडासात रक्त दिसलं की घरात एकच शब्द निघतो, मूळव्याध. मग कुणी मलम सांगतं, कुणी झाडपाल्याची पुडी आणून देतं. जागा मात्र कुणीच पाहिलेली नसते. खालच्या सगळ्या उत्तरांमागे आमचा आग्रह एवढाच आहे की आधी डॉक्टरांना जागा दाखवा आणि मगच उपचार सुरू करा. दुखणं थांबल्यावरही शौच मऊ ठेवण्याचं काम काही आठवडे सोडू नका.

दुखतंय आणि रक्तही पडतंय. म्हणजे मूळव्याधच ना?

बहुतेक वेळा नाही. शौच होताना काचेने कापल्यासारखी कळ येते, नंतर अर्धा तास ते दोन-चार तास ठणका किंवा आग राहते आणि शौचावर लाल रेघ दिसते. असं होत असेल तर ते बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर असते. ही चीर बहुतेकांना मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने असते. काही बायकांना, विशेषतः बाळंतपणानंतर, ती पुढच्या बाजूला पडते.

आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. तिथल्या अस्तराला वेदनेच्या नसा नसतात. तिचं रक्त ठिबकतं, कधी पिचकारीसारखं भांड्यात उडतं, पण माणूस सांगतो, 'दुखत काहीच नाही.' ती दुखू लागते तेव्हा मोड बाहेर येऊन अडकलेला असतो, नाहीतर बाहेरच्या मोडात रक्ताची गुठळी झालेली असते. गुठळी एकाएकी होते. काल काही नव्हतं आणि आज निळसर, टणक, हात लावू देत नाही अशी गाठ आलेली असते. तिची वेदना पहिले दोन-तीन दिवस फार असते आणि मग हळूहळू उतरते. म्हणूनच पहिल्या ७२ तासांत सर्जनकडे गेलात तर जागा बधिर करून ती काढण्याचा फायदा होतो. आठवड्यानंतर काढण्यात फारसा अर्थ नसतो.

शौचाला गेलं नाही तरी सतत ठणकतंय, बसवत नाही, अंगात ताप आहे आणि बाजूला सूज आहे, असं असेल तर तो गळू आहे. तो नुसत्या गोळ्यांनी जात नाही, चिरून पू काढावा लागतो. गळू फुटून बरा झाल्यासारखा वाटतो आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा पू येतो, त्याला भगंदर म्हणतात.

एवढीशी चीर महिनोन्‌महिने भरत का नाही?

हातावरची चीर आठवड्यात भरते, पण ही रोज पुन्हा उघडते. शिवाय गुदद्वाराला आतून एक गोल स्नायू असतो आणि तो आपल्या इच्छेने सैल होत नाही. चीर दुखली की तो आवळतो. आवळला की त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि रक्त कमी मिळालं की जखम भरत नाही. दुखेल या भीतीने माणूस शौचाला जायचं टाळतो, तोवर आतलं पाणी शोषलं जाऊन खडा होतो आणि पुढच्या वेळी चीर आणखी खोल जाते.

सहा आठवड्यांपर्यंतची चीर ताजी मानतात आणि ती बरीचशी शौच मऊ करून व शेक घेऊनच भरते. त्यापुढे तिच्या कडा जाड होतात आणि खालच्या टोकाला कातडीचा लहानसा कोंब येतो. हा कोंब हाताला लागतो म्हणून लोक त्याला मूळव्याधीचा मोड समजतात आणि चुकीचे उपचार घेत राहतात. जुनी चीर भरायला स्नायू सैल करणारं औषध लागतं.

रक्ताच्या रंगावरून काय कळतं?

लालभडक रक्त वेगळं, शौचाच्या वर किंवा धुताना पाण्यात दिसत असेल तर ते बहुधा गुदद्वाराजवळचं असतं. गडद, शौचात मिसळलेलं किंवा शेंबडासारख्या आवेबरोबर येणारं रक्त आतड्यातलं असू शकतं. डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वास मारणारं शौच म्हणजे वर जठरात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होतं, पण ते डांबरासारखं चिकटत नाही. बीट खाल्ल्यावर लाल दिसलं तर दोन दिवस बीट बंद करून पाहा.

रंगावरून अंदाज येतो, निदान होत नाही. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला कर्करोगही लालभडक रक्त देऊ शकतो आणि सुरुवातीला दुखत नाही. पन्नाशीच्या माणसाला 'जुनीच मूळव्याध आहे' म्हणून वर्ष-दीड वर्ष मलम लावत ठेवणं ही या विषयातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

घरी थांबायचं नाही, अशी लक्षणं कोणती?

रक्त थांबत नाही, गुठळ्या पडतात, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, दरदरून घाम फुटतो. अशा वेळी रिक्षाची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. ताप आणि गुदद्वाराशेजारी सूज असेल, किंवा दुखण्यामुळे लघवीही अडली असेल तरी त्याच दिवशी जा. मधुमेह असलेल्याने तर गळूच्या बाबतीत एक रात्रही काढू नये.

काही लक्षणं तातडीची नसली तरी त्यांना आठवडा-दोन आठवड्यांच्या आत तपासणी हवीच. वय ४५ च्या पुढे आणि रक्त पहिल्यांदाच दिसलं, कारणाशिवाय वजन उतरलं, शौचाची वर्षानुवर्षांची सवय बदलली, होऊनही पोट साफ न झाल्यासारखं सारखं वाटतं, रक्ताच्या नात्यात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता, ही ती लक्षणं. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली किंवा पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तेही यातच धरा. रोज चमचाभर रक्त गेलं तरी काही महिन्यांत माणूस पांढरा पडतो. चढण चढताना धाप लागू लागते आणि दोष वयाला दिला जातो.

जेवण तर साधं आहे, डाळ-भात-मासे. मग खडा का होतो?

आपल्या ताटात तंतू, म्हणजे न पचणारा चोथा (फायबर), कमी असतात, हेच मुख्य कारण. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३५ ग्रॅम तंतू लागतात. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात ते सुमारे ३ ग्रॅम असतात. दोन्ही वेळचा भात आणि सकाळचे घावणे किंवा आंबोळ्या मिळून ३०० ग्रॅम तांदूळ पोटात गेला तरी ९ ग्रॅमच होतात. माशात तंतू शून्य. खोबऱ्यात भरपूर असतात, पण सोलकढीसाठी रस पिळून चोथा टाकून देतो आणि तंतू त्या चोथ्यातच राहतात. आमटीच्या वाटणात खोबरं गाळलं जात नाही, त्यामुळे तिथे थोडे तरी मिळतात.

यावरचा उपाय बाजारातून आणायला नको, तो कोकणातच पिकतो. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांत तेवढं पीठ सहज जातं. म्हणजे रात्रीचा भात काढून तिथे नाचणीची भाकरी आणली की एका बदलात मोठी भर पडते. कुळथाची पिठी, चवळी, वालाचं बिरडं यांपैकी एक रोज असावं. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू मिळतात आणि एरवी लाल माठ आहेच. भाजी ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर नको, वाटीभर हवी. एक पेरू किंवा दोन केळी खा. पेरूच्या बिया मात्र मूठभर गिळू नका. बिया गुदाशयात साठून त्यांचा गोळा झाल्याची उदाहरणं आहेत आणि तो काढताना फार त्रास होतो.

हे सगळं एका दिवसात करू नका. चार दिवसांनी एक बदल, या बेताने वाढवा. एकदम वाढवलं तर पोट फुगतं, वारा सरतो, आणि माणूस आठवड्यात कंटाळून पुन्हा भातावर येतो.

पाणी किती प्यायचं?

दोन ते अडीच लिटर. एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या बागेत किंवा लावणीच्या दिवसांत शेतात काम असेल तर त्याहून जास्त. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम किती गेला हे कळत नाही, म्हणून लघवीवर लक्ष ठेवा. ती फिकट पिवळी असली की पाणी पुरेसं आहे. ताक, पेज, शहाळं हे सगळं यात मोजता येतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तोच हिशोब पाळा.

ईसबगोल घेतो, तरी अडतंच. असं का?

दोन कारणं नेहमी सापडतात. पहिलं म्हणजे पाणी कमी पडतं. ईसबगोल पाणी धरून फुगतं. पाणी नसेल तर ते आत घट्ट होतं आणि आणखी अडवतं. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम भुसा २०० ते २५० मिली पाण्यात ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत लगेच प्या. त्यावर आणखी एक ग्लास पाणी घ्या. झोपायला आडवं होताना घेऊ नका, तासभर आधी घ्या. गरज पडली तर सकाळीही तेवढंच घेता येतं. दुसरं कारण म्हणजे घाई. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि लोक दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. इतर गोळ्या आणि ईसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

खडा फार घट्ट असेल तर डॉक्टर लॅक्टुलोज हे शौच मऊ करणारं पातळ औषध देतात. ते साधारण १५ मिलीपासून सुरू करतात आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. शौच मऊ, सलग, न कुंथता झालं की प्रमाण बरोबर आहे. पातळ जुलाब झाले तर प्रमाण कमी करा. सारखे जुलाबही चीर भरू देत नाहीत.

शेक कसा घ्यायचा?

बूड मावेल असा प्लॅस्टिकचा टब किंवा रुंद घमेलं घ्या. त्यात चार-पाच बोटं कोमट पाणी घाला. बंबातलं कढत पाणी थेट घेऊ नका. आधी थंड पाणी घ्या, मग त्यात गरम मिसळा आणि कोपर बुडवून पाहा. कोपराला सुखद वाटलं की झालं. अशा शेकाने चटका बसलेली माणसंही दवाखान्यात येतात, म्हणून हे एवढं सविस्तर सांगतोय. १० ते १५ मिनिटं बसा. दिवसातून दोन-तीन वेळा घ्या, त्यातली एक वेळ शौचानंतर लगेच असू द्या. ऊब लागली की आवळलेला स्नायू सैल होतो, खरा उपयोग तोच.

मीठ, तुरटी, डेटॉल यातलं काही घालायची गरज नाही. डेटॉलने तर कातडी भाजते. नंतर मऊ कापडाने टिपून कोरडं करा, घासू नका. पावसाळ्यात आतले कपडे नीट वाळत नाहीत. ओलसर चड्डी दिवसभर राहिली की खाज आणि बुरशी वेगळी सुरू होते. चुलीवर किंवा इस्त्रीने कपडे पूर्ण कोरडे करून घाला.

मलम कोणतं, कसं लावायचं?

मेडिकलमधून 'मूळव्याधीचं मलम' म्हणून सर्रास दिलं जाणारं ट्यूब बहुधा बधिर करणारं किंवा स्टिरॉइडचं असतं. बधिर करणारं मलम शौचाच्या दहा मिनिटं आधी लावलं तर ती वेळ निभावते, पण त्याने चीर भरत नाही. स्टिरॉइडचं मलम आठवड्यापेक्षा जास्त लावलं तर कातडी पातळ होते.

जुन्या फिशरला डॉक्टर बहुतेक वेळा २ टक्के डिल्टियाझेम, म्हणजे आवळलेला स्नायू सैल करणारं मलम, लिहून देतात. मटाराच्या दाण्याएवढं बोटावर घ्या, गुदद्वाराच्या कडेला आणि अगदी आतल्या काठाला लावा, दिवसातून दोनदा. खोल घालायचं नाही. लावल्यावर हात धुवा. कोर्स ६ ते ८ आठवड्यांचा असतो. दहाव्या-बाराव्या दिवशी दुखणं जातं आणि ट्यूब कपाटात जाते, तिथेच घोटाळा होतो. वरून बरी दिसणारी चीर आतून कच्ची असते. पुढच्या खड्याला ती पुन्हा फाटते.

नायट्रोग्लिसरीनचं मलमही चालतं, पण त्याने डोकं फार दुखतं. लिंग ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेणाऱ्याने ते कधीही लावू नये, रक्तदाब धोकादायकपणे खाली जातो. ही गोष्ट डॉक्टरांना लाजून लपवू नका.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांनी शौच घट्ट होतं, त्या आपल्या मनाने घेऊ नका.

कोकमतेल, सुरण, एरंडेल यांचा उपयोग होतो का?

घरचं स्वच्छ कोकमतेल किंवा साधं व्हॅसलीन शौचाआधी कडेला लावलं तर घर्षण कमी होतं आणि कातडी मऊ राहते. तेवढ्यासाठी जरूर लावा. टाचांच्या भेगांना लावण्याचा तोच गोळा मात्र इथे वापरू नका, वेगळा ठेवा. कोकमतेलाने स्नायू सैल होत नाही, त्यामुळे जुन्या फिशरला ते पुरत नाही.

सुरण आयुर्वेदात मूळव्याधीवर सांगितलेला आहे. भाजी म्हणून तो चांगला, पोट साफ ठेवायला मदत करतो. तो खाल्ला म्हणून तपासणी टाळायची नाही, इतकंच. एरंडेल रोज घेऊ नका. पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नये.

मासे, आंबा, तिखट बंद करायचं?

मासे आणि आंबा बंद करायचं कारण नाही. 'आंबा उष्ण पडला म्हणून रक्त आलं' असं म्हणतात. मे महिन्यात पाणी कमी पडतं, लग्नकार्यात वेळी-अवेळी जेवण होतं आणि नाचणी-भाजी ताटातून जाते. खडा होतो तो त्याने. तिखटाने चीर पडत नाही, पण उघड्या चिरेवरून तिखट शौच गेलं की आग होते. म्हणून भरेपर्यंत झणझणीत कालवण बाजूला ठेवा.

माशाच्या काट्याबद्दल एक लक्षात ठेवा. गिळलेला काटा बहुतेक वेळा काही न करता निघून जातो, पण क्वचित तो अगदी शेवटी गुदद्वारात आडवा रुततो. आधी काहीच त्रास नव्हता आणि एका शौचाला अचानक टोचल्यासारखी जबरदस्त कळ आली, जी नंतर टिकून राहिली, तर डॉक्टरांना 'काटा गिळला असेल' हे सांगा. आपण बोट घालून शोधू नका. काटा राहिला तर तिथे गळू होतो.

संडासात बसण्याची पद्धत बदलायची का?

हो. इच्छा झाली की जा आणि पाच मिनिटांत उठा. मोबाइल बाहेर ठेवा. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. सकाळी चहा किंवा पेज घेतल्यावर अर्ध्या तासात आतडी आपोआप हलतात, तीच वेळ रोजची ठेवा. जेट स्प्रेचा जोरदार फवारा चिरेवर मारू नका, तांब्याने धुवा. साबण नको.

डॉक्टर नेमकं काय तपासतात? फार लाज वाटते.

डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. दोन्ही बाजू हलक्या हाताने फाकवल्या की फिशर बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसतं. दुखत असेल तर त्या दिवशी बोट किंवा दुर्बीण घालायची गरज नसते आणि 'आज नको' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. वेदना कमी झाल्यावर आतली तपासणी मात्र करून घ्या. बाईमाणसाने महिला डॉक्टर मागावी. त्या नसतील तर नर्स किंवा घरातलं कुणी सोबत ठेवावं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ही पहिली तपासणी होते आणि पुढे लागलं तर तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

चीर मागे किंवा पुढे न पडता बाजूला असेल, एकापेक्षा जास्त असतील किंवा दुखतच नसेल, तर क्षयरोग, क्रोहन (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार), एचआयव्ही यांसारखी कारणं शोधावी लागतात.

जाताना रोजच्या गोळ्या बरोबर न्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर ते आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

'एका इंजेक्शनात मूळव्याध गायब' असे बोर्ड दिसतात. जावं का?

पदवी नसलेल्या माणसाकडे नको. तिथे काय टोचतात किंवा कसला लेप लावतात याचा पत्ता नसतो. जळजळीत रसायनाने मोडाबरोबर चांगली कातडीही जळते आणि भरताना गुदद्वार आकसून बोटसुद्धा जाईनासं होतं. ते दुरुस्त करणं मूळ आजारापेक्षा अवघड असतं. भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे औषधाचा लेप दिलेला दोरा, हा मान्य उपचार आहे, पण तो आयुर्वेदातल्या शल्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्याकडूनच करून घ्या.

ऑपरेशन कधी लागतं?

आठ आठवडे औषध नीट घेऊनही फिशर भरलं नाही तर. आतल्या गोल स्नायूचा थोडा भाग कापून तो सैल करतात. दहापैकी नऊपेक्षा जास्त जणांची चीर त्याने भरते. काही थोड्यांना नंतर वारा रोखणं जड जातं. ज्या बाईला बाळंतपणात मोठा टाका पडला आहे तिने हा मुद्दा सर्जनकडे स्वतःहून काढावा. तिच्यासाठी स्नायू तात्पुरता सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन हा पर्याय असू शकतो, त्याचा असर सुमारे तीन महिने राहतो.

गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर?

लोहाच्या गोळ्यांनी खडा होतो, पण गोळ्या सोडू नका. आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, प्रकार बदलून मिळतो. ईसबगोल, लॅक्टुलोज आणि कोमट पाण्याचा शेक चालतो. मलम मात्र विचारूनच.

लहान मूल शी करताना रडतं, रेघभर रक्त दिसतं.

मुलांमध्ये रक्ताचं सगळ्यात नेहमीचं कारण फिशरच आहे. मूल पाय आवळून, कोपऱ्यात उभं राहून शी दाबत असेल तर तो हट्ट नाही, भीती आहे. ओरडू नका. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलाचं दूध कमी करून फळ, पेज, मऊ भाजी वाढवा. जेवणानंतर पाच मिनिटं, पायाखाली पाट देऊन बसवा. गुदद्वारात साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ घालू नका. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, ते बालरोगतज्ज्ञच सांगतील. मूल मलूल असेल, उलट्या होत असतील किंवा रक्तमिश्रित आव पडत असेल तर लगेच न्या.

आठ-दहा दिवस बोटीवर असतो. तिथे काय करायचं?

खलाशांना दोन गोष्टी नडतात, शौच दाबून धरणं आणि पाणी जपून पिणं. निघताना ईसबगोलाचं पाकीट, नाचणीच्या भाकऱ्या किंवा सत्त्व, केळ्यांचा फणा आणि माणशी पिण्याचं पाणी हिशोबाने जास्त न्या. टबाचा शेक बोटीवर जमत नाही. त्याऐवजी स्वच्छ कापड कोमट गोड्या पाण्यात भिजवून, पिळून दहा मिनिटं धरा. खाऱ्या पाण्याने धुवावंच लागलं तर शेवटी तांब्याभर गोडं पाणी घ्या, नाहीतर मीठ सुकून चिरेला झोंबतं. आतल्या मूळव्याधीचा मोड सुकून पडावा म्हणून डॉक्टरांकडून त्याला रबर बँड लावून घेतला असेल तर तो मोड पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान गळून पडतो आणि तेव्हा क्वचित जोराचा रक्तस्राव होतो. म्हणून बँड लावल्यावर दोन आठवडे समुद्रात जाऊ नका. तारीख ठरवतानाच डॉक्टरांना बोट कधी सुटणार ते सांगा.